क्रीमचं नाव बदललं, आपण कुठे बदललो?

संपादकसाहेब, नमस्कार.
माझी भाची नववीत आहे, सुट्टीत आमच्याकडे साताऱ्याला आली होती. मे महिन्याच्या उन्हात पोरगी फुल बाह्यांचं जॅकेट काही काढेना, विचारलं तर म्हणे, "मावशी, टॅन होतं गं." मग हळूहळू कळलं की कुठल्याशा बारशात एका काकूंनी सगळ्यांसमोर "अगंबाई, किती काळवंडलीस, आईचा रंग नाही आला" असं ऐकवलं होतं आणि तेव्हापासून ही फिल्टर लावल्याशिवाय एक फोटो कुणाला पाठवत नाही. तो फिल्टर नाक बारीक करतो, गाल आत घेतो, रंग उजळवतो, नंतर आरशात बघितलं की स्वतःचाच चेहरा चुकल्यासारखा वाटणार नाहीतर काय!

१९७५ साली आलेल्या फेअर अँड लव्हलीचं २०२० मध्ये ग्लो अँड लव्हली झालं, बरं झालं, पण 'वधू पाहिजे'च्या जाहिरातीत 'गोरी, सडपातळ' अजून असतंच की (तुमच्या पानावरही, रागावू नका). २०२१ मध्ये फेसबुकचे आतले कागद बाहेर आले, त्यात त्यांच्याच लोकांनी लिहिलेलं की इन्स्टाग्राममुळे तीनातल्या एका टीनएज मुलीचा शरीराबद्दलचा न्यूनगंड वाढतो. म्हणजे माहीत होतं.

मुलंही सुटली नाहीत, शेजारचा अकरावीतला पोरगा आईकडे प्रोटीनच्या डब्याचे पैसे मागतोय, रीलमधल्यासारखे दंड हवेत म्हणून.

परवा भाचीला एसटीत बसवून दिलं. जॅकेट अंगावरच होतं.

- एक मावशी, सातारा