दोन्हीकडून दलाली घेतल्याबद्दल तक्रार

दि. २ जून २०२५
पुणे

प्रति,
प्रमुख, ग्राहक तक्रार विभाग,
पुणे कार्यालय

विषय : पुनावळे येथील फ्लॅटच्या बुकिंगमध्ये आपल्या प्रतिनिधीने केलेली फसवणूक, सेवाशुल्क व टोकनची रक्कम परत मिळणेबाबत

महोदय,

३० मार्चला, पाडव्याच्या दिवशी, आम्ही आपल्या कंपनीमार्फत पुनावळ्यात टू बीएचके बुक केला. किंमत ७८ लाख रुपये. एक टक्का सेवाशुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ९२,०४० रुपये आपल्या कंपनीला त्याच दिवशी भरले. आता हे बुकिंग आम्ही रद्द करत आहोत. 'मॅडमचा विचार बदलला' असे आपल्या प्रतिनिधीने वर कळवले आहे म्हणे. तसे नाही. काय झाले ते सविस्तर लिहिते.

घर बघण्याआधी एजंट कोणता घ्यायचा यातच आमचा महिना गेला होता. आम्ही थेरगावात भाड्याने राहतो. तिथे झेरॉक्सच्या दुकानाशेजारी एक एजंट बसतात. त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितले, "ताई, नवीन बिल्डिंगला तुमच्याकडून मी काही घेत नाही, मला बिल्डर देतो. पण साईटवर जायच्या आधी महारेराच्या वेबसाईटवर, म्हणजे सरकारकडे प्रोजेक्टची नोंद असते तिथे, प्रोजेक्ट बघून घ्या." आम्ही घरी येऊन विचार केला की बिल्डर पैसे देणार म्हणजे हे बिल्डरचीच बाजू घेणार. दोन दिवसांनी आपले प्रतिनिधी आले आणि नेमके आमच्या मनातले बोलले : "आम्ही बिल्डरकडून एक रुपया घेत नाही, म्हणून तुमच्याकडून एक टक्का. आम्ही फक्त तुमचे." माझ्या सासऱ्यांना हे फार पटले. सुरुवातीचे पैसे त्यांच्या प्रॉव्हिडंट फंडातून जाणार होते, आणि आपल्या बाजूने बोलणारा माणूस असेल तर एक टक्का जास्त नाही, असे तेच म्हणाले. त्या एका वाक्यावर आम्ही आपली कंपनी निवडली आणि थेरगावच्या एजंटना नाही म्हणून सांगितले.

मे महिन्यात करारनाम्याचा मसुदा मागायला मी एकटीच साईट ऑफिसला गेले. तिथल्या मुलीने आमची फाईल उघडली. पहिल्या भेटीत आम्ही भरलेला फॉर्म वरच होता. माझे अक्षर, माझी सही, आणि खाली 'चॅनल पार्टनर', म्हणजे बिल्डरला ग्राहक आणून देणारा एजंट, या रकान्यात आपल्या कंपनीचा निळा शिक्का. आम्ही सही केली तेव्हा तो रकाना कोरा होता. मी विचारले तर तिने अगदी सहज सांगितले की चॅनल पार्टनरचे कमिशन करारनामा नोंदला की निघते, तुमचेही निघेल. त्या शिक्क्याचा फोटो मी काढला आहे. थेरगावचे एजंट बिल्डरकडून घेतात तसेच तुम्हीही घेता, हे मी एक वेळ समजून घेतले असते. पण घेत नाही असे सांगून तुम्ही आमच्याकडून ९२,०४० रुपये घेतलेत.

मग मी त्या रात्री महारेराची वेबसाईट उघडली. हे आधीच करायला हवे होते. 'पाडव्याच्या आत बुकिंग केले तर मॉड्युलर किचन मोफत' या घाईत राहून गेले. आम्हाला कार्पेट, म्हणजे घरातली प्रत्यक्ष वापरायची जागा, ७२० चौरस फूट सांगितले होते. वेबसाईटवर त्या फ्लॅटचे कार्पेट ६०.२ चौरस मीटर आहे, म्हणजे ६४८ चौरस फूट. उरलेले ७२ फूट बाल्कनी आणि ड्राय बाल्कनीचे. रेरा कायद्याच्या व्याख्येनुसार बाल्कनी कार्पेटमध्ये धरत नाहीत, हे घर विकणाऱ्या माणसाला माहीत नसेल असे मी मानू शकत नाही. ताबा 'पुढच्या दिवाळीत' मिळणार होता. बिल्डरने महारेराला दिलेली तारीख डिसेंबर २०२७ आहे. दिवाळी २०२६ ते डिसेंबर २०२७ हे वर्षभराचे भाडे, महिना २४ हजार, वर कर्जाचा हप्ता. हा हिशेब आमच्यासाठी कोणी करायचा होता?

शेवटी प्रतिनिधींचे व्हिजिटिंग कार्ड काढले. त्यावर बारीक अक्षरात 'महारेरा नोंदणीकृत' आणि खाली एक क्रमांक आहे. आम्ही तो बघून निर्धास्त झालो होतो. तो क्रमांक 'पी' अक्षराने सुरू होतो. एजंटचा नोंदणी क्रमांक 'ए'ने सुरू होतो. 'पी' प्रकल्पाचा असतो. आपल्या माणसाने स्वतःच्या कार्डावर कुठल्यातरी इमारतीचा क्रमांक छापला आहे. त्यांचे नाव मी एजंटांच्या यादीत शोधले, सापडले नाही. १ जानेवारी २०२४ पासून महाराष्ट्रात एजंटला परीक्षा देऊन प्रमाणपत्र घेणे बंधनकारक आहे. ते त्यांच्याकडे आहे का, हे मी फोनवर तीनदा विचारले. तिन्ही वेळा 'ऑफिसमधून पाठवतो' एवढेच उत्तर आले.

आणि टोकन. ५१,००० रुपये त्यांनी स्वतःच्या मोबाईल नंबरवर घेतले, 'सुट्टीचा दिवस आहे, उद्या बिल्डरकडे जमा करतो' असे सांगून. बिल्डरच्या ऑफिसात आमच्या नावावर आजपर्यंत एक रुपया जमा नाही. फ्लॅटवर फक्त 'होल्ड' लिहिलेले आहे, तेही आपल्या कंपनीच्या नावाने. सासरे आता या विषयावर बोलतच नाहीत, आणि मला सगळ्यात जास्त त्रास त्याचा होतो.

तरी टोकनचे ५१,००० आणि सेवाशुल्काचे ९२,०४०, एकूण १,४३,०४० रुपये हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत माझ्या बँक खात्यात जमा करावेत. या व्यवहारात आपल्या कंपनीला बिल्डरकडून किती कमिशन ठरले होते ते लेखी कळवावे. आणि या प्रतिनिधींचा स्वतःचा नोंदणी क्रमांक व प्रमाणपत्राची प्रत द्यावी; ते नसेल तर त्यांना दुसऱ्या कोणाच्या घरी पाठवू नये. थेरगावातलीच आणखी दोन कुटुंबे त्यांच्यासोबत साईट बघून आली आहेत.

मुदतीत पैसे आले नाहीत तर मी महारेराकडे आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करणार आहे. नोंदणीशिवाय एजंटचे काम करणे व खरेदीदाराला खोटी माहिती देणे या दोन्हींबद्दल रेरा कायद्याच्या कलम ९ आणि १० मध्ये स्पष्ट लिहिले आहे. कलम ६२ प्रमाणे दंड दिवसाला १०,००० रुपये असून तो घराच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो.

सोबत आपले बिल, टोकनचा स्क्रीनशॉट, व्हिजिटिंग कार्डाच्या दोन्ही बाजू, साईट ऑफिसमधल्या फॉर्मचा फोटो आणि महारेराच्या पानाची प्रिंट जोडली आहे. कृपया यापुढे फोन करू नये, घरी माणूस पाठवू नये. उत्तर लेखी आणि माझ्याच नावाने द्यावे. सासऱ्यांना पुन्हा कोणी फोन करून 'काका, तुम्ही समजवा त्यांना' असे म्हणू नये.

आपली,
(सही)
पुनावळे बुकिंगची ग्राहक, थेरगाव