गोळ्या नकोत, लहान पट्टे हवेत : सातपुड्यातल्या बीपी तपासणीसाठी मदतीचं आवाहन

खान्देशातल्या सर्व बंधू-भगिनींना नमस्कार.

धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर या तालुक्यांच्या डोंगरपट्टीत भिल्ल, पावरा आणि तडवी पाड्यांवर आमचं मंडळ रक्तदाब तपासणीचं काम करतं. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. त्याआधी यंदाची फेरी संपवायची आहे आणि त्यासाठी तुमची मदत हवी आहे. काय हवं, काय नको आणि का, ते खाली लिहिलं आहे. दान देण्याआधी एवढं वाचा, ही विनंती. चुकीची वस्तू आली की ती परत करायचा खर्चही आम्हालाच पडतो.

बीपी म्हणजे शहरातल्या, पोट सुटलेल्या माणसाचा आजार, असा समज अजून गेलेला नाही. दिवसभर डोंगर चढणाऱ्या काटक माणसाला कसलं आलंय बीपी? पण डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालच्या केंद्र सरकारच्या आदिवासी आरोग्य समितीने २०१८ च्या अहवालात स्पष्ट म्हटलं आहे, की दर चार आदिवासी प्रौढांमागे एकाला उच्च रक्तदाब आहे. गडचिरोलीच्या ग्रामीण भागातल्या पाहणीत तर मृत्यूच्या कारणांत लकवा पहिल्या क्रमांकावर निघाला. शहरातला माणूस सर्दी-खोकल्यासाठी दवाखान्यात गेला तरी त्याच्या दंडाला पट्टा बांधला जातो. पाड्यावरच्या माणसाला तो पट्टा बऱ्याचदा तोंड वाकडं झाल्यावरच पहिल्यांदा दिसतो.

कारणं अनेक आहेत. अडीच किलोपेक्षा कमी वजनाने जन्मलेल्या बाळाला मोठेपणी बीपी होण्याचा धोका जास्त असतो आणि आपल्या डोंगरात अशी बाळं थोडी नाहीत. बिडी आणि तंबाखू आहे, मोहाची दारू आहे. भाजी नसली की भाकरीबरोबर मिरची-मीठ किंवा सुकट असतं. आता त्यात पाच-दहा रुपयांच्या कुरकुऱ्यांच्या पुड्यांची भर पडली आहे.

आता पट्ट्याविषयी. आमची पहिली मागणी तीच आहे.

मशिनबरोबर जो पट्टा येतो तो साधारण २२ ते ३२ सेंटीमीटर घेराच्या दंडासाठी असतो. पट्ट्यातल्या हवेच्या पिशवीने दंडाचा निदान ८० टक्के घेर व्यापावा, असा नियम आहे. पिशवी दंडाच्या मानाने मोठी असली तर आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो, लहान असली तर जास्त. पाड्यांवरच्या कितीतरी बायांचे आणि म्हाताऱ्या माणसांचे दंड २२ सेंटीमीटरच्या आतले असतात. नेहमीचा पट्टा त्यांच्या दंडावर सैल फिरतो आणि वरचा आकडा तीन-चार अंकांनी कमी दाखवतो. १४२ असलेली बाई १३८ निघते, वहीत तिच्या नावापुढे ‘नॉर्मल’ लिहिलं जातं आणि पुन्हा वर्षभर तिच्याकडे कोणी बघत नाही. लठ्ठ माणसांसाठी मोठा पट्टा कुठेही मिळतो, लहान मात्र मागवावा लागतो. ज्या मशिनला लहान पट्टा जोडता येतो, तेच मशीन घ्या. प्रत्येक कंपनीची नळी दुसऱ्याच्या मशिनमध्ये बसेलच असं नाही, म्हणून नुसता पट्टा पाठवण्याआधी आमच्याकडे कोणतं मशीन आहे ते विचारा.

दुसरी मागणी ऐकून लोक हसतात. आम्हाला पाठ टेकता येईल अशा घडीच्या खुर्च्या हव्यात. पाड्यावर माणूस उकिडवा बसतो, नाहीतर खाटेच्या कडेवर पाय लोंबकळत. उकिडवं बसलं की बीपी चढतं. पाठीला आधार नसला तरी चढतं. हात खाली लोंबत राहिला तर छातीच्या पातळीपासून दर दहा सेंटीमीटरमागे सात-आठ अंक वाढतात. म्हणून खुर्ची हवी आणि हात ठेवायला तिच्याशेजारी स्टूल किंवा धान्याचं पोतं. दोन्ही पाय जमिनीला टेकलेले, पायावर पाय नाही. टेकडी चढून आलेल्या माणसाला निदान पाच मिनिटं गप्प बसवायचं, घाम येत असेल तर दहा. त्याआधीच्या अर्ध्या तासात चहा, बिडी, तंबाखू नको. लघवी करून यायला सांगायचं. दंडातलं चांदीचं कडं उतरवायचं. घट्ट बाही वर गुंडाळली की ती दोरीसारखी आवळते, त्यापेक्षा बाहीतून हात मोकळा करून घ्यावा, आणि त्यासाठी बाईजवळ बाईच कार्यकर्ती असावी. मोजताना बोलायचं नाही, आणि घरातल्या मंडळींनी भोवती कालवा करायचा नाही. हे शेवटचं सर्वात अवघड जातं. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून सरासरी लिहायची.

एका दिवसाच्या आकड्यावर कोणालाही आम्ही ‘बीपीवाला’ म्हणत नाही. दोन वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा वर आलं तर प्राथमिक आरोग्य केंद्रात नेतो. १८०/११० किंवा वर असेल तर त्याच दिवशी. छातीत दाटणं, दम लागणं, हातपाय लुळा पडणं, बोबडं बोलणं यांपैकी काही असेल तर आकडा बघत बसायचं नाही, १०८ ला फोन लावायचा. लकव्यात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही मेंदूचा सीटी स्कॅन झाल्यावर. झोळीतून डांबरी रस्त्यापर्यंत यायलाच दोन तास लागत असतील तर उरलेल्या वेळाचा हिशेब तुम्हीच करा. वाटेत माणसाला पाणी पाजू नये, मालिश करू नये आणि बीपी उतरवण्यासाठी जिभेखाली कॅप्सूल फोडून तर अजिबात देऊ नये. बीपी एकदम खाली आलं की मेंदूचा उरलासुरला रक्तपुरवठाही तुटतो.

औषधं मात्र पाठवू नका. बीपीच्या गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. घरात उरलेल्या अर्ध्या पाकिटांचा आम्हाला उपयोग नाही. त्यावरची तारीख फाटलेली असते आणि एकाची गोळी दुसऱ्याला चालत नाही. बाळंतपणाच्या वयातल्या बाईच्या हातात टेल्मिसार्टन किंवा एनालाप्रिल ही बीपीची गोळी पडली आणि तिला दिवस गेलेले असले तर पोटातल्या बाळाला धोका होतो. कमी सोडियमचं मीठही वाटायला पाठवू नका. त्यात पोटॅशियम असतं, ते किडनीच्या रुग्णांना आणि काही गोळ्या चालू असलेल्यांना घातक ठरतं. मनगटावर बांधायची मशिनं नकोत, हात जरा हलला की आकडा बदलतो. पाऱ्याची जुनी मशिनं तर नकोतच. नळी फुटून पारा झोपडीच्या मातीत गेला की तो काढणार कोण?

मग गोळी मोफत असून अडतं कुठे? ती मधेच तुटते, तिथे. सुरुवात बहुतेक वेळा अम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम, दिवसाला एक, अशी होते. महिन्याभराने बरं वाटतं (मुळात त्रास काही नव्हताच), आणि गोळी बंद होते. काहींच्या पायाला सूज येते. ती गोळीची आहे हे कोणी सांगितलेलं नसतं, म्हणून माणूस भगताकडे जातो. अशा वेळी डॉक्टर डोस किंवा गोळी बदलून देतात, पण त्यासाठी परत जावं लागतं. अंगदुखीवर खाल्ल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन या गोळ्यांनी बीपी वाढतं. उसाच्या फडात त्या शेंगदाण्यासारख्या खाल्ल्या जातात. हे सगळं मराठीत सांगितलं तर म्हातारं माणूस मान हलवतं आणि घरी जातं. पावरी, भिलोरीत सांगितलं की उलटे प्रश्न विचारतं. म्हणून आमची तिसरी मागणी माणसांची आहे. शहादा, धडगाव, तळोदा, चोपड्याच्या कॉलेजात शिकणारी, घरी पावरी, भिलोरी किंवा तडवी बोलणारी मुलं-मुली महिन्यातून दोन रविवार देतील तर हवी आहेत. मोजायला आम्ही शिकवू. नावनोंदणी पाड्याच्या आशाताईंकडेही करता येईल.

मोठी गळती स्थलांतरात होते. टोळी बारडोलीकडे किंवा पश्चिम महाराष्ट्रात जाते, होळीला भोंगऱ्याच्या (आदिवासींच्या होळीच्या) बाजाराला परतते आणि कधी कधी पुन्हा निघते. महिन्याच्या गोळ्या कोपीवर (ऊसतोड मजुरांच्या झोपडीवर) पोहोचेपर्यंत संपलेल्या असतात. निघणाऱ्यांना तीन महिन्यांच्या एकदम द्याव्यात, अशी विनंती आम्ही आरोग्य केंद्रांना करतो आहोत. सोबत जाड कागदाचं, प्लास्टिकच्या पाकिटातलं एक कार्ड देतो. त्यावर गोळीचं नाव, डोस आणि शेवटचे आकडे मराठीत आणि गुजरातीत असतात, म्हणजे तिकडच्या सरकारी दवाखान्यात हातवारे करावे लागत नाहीत. छपाई, पाकिटं आणि गुजराती मजकूर तपासून देणारा माणूस, तिन्ही हवं आहे.

मुकादमांना आणि टोळी नेणाऱ्या गाडीवाल्यांना आमची वेगळी विनंती आहे. उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) देता त्या दिवशी अर्धा तास आम्हाला द्या. रावेर-यावलच्या केळी बागायतदारांनाही हेच सांगणं आहे. घडांचं ओझं ज्यांच्या डोक्यावरून गाडीत चढतं, त्यांचं बीपी सकाळी काम सुरू होण्याआधी बागेतच मोजू द्या. मजुरी कापू नका. हे दान पैशांपेक्षा मोठं आहे, आणि मागायला जरा संकोच वाटतो, तरी मागतो.

घरोघरी मिठाचा हिशेबही आम्ही सांगतो. माणशी दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, एवढं मीठ पुरे. पाच माणसांच्या घरात एक किलोची पिशवी ४० दिवस चालायला हवी. ती वीस दिवसांत संपत असेल (गुरांना घातलेलं मीठ वगळून) तर दुप्पट खाल्लं जातंय. बाईला ग्रॅम समजत नाहीत असं म्हणणाऱ्यांनी तिला पिशवी किती बाजारांना पुरते ते विचारून बघावं.

देणगीचा हिशेब असा. दंडावरचं चांगलं मशीन साधारण दोन-अडीच हजारांना मिळतं, लहान पट्टा वेगळा. एका संचात मशीन, नेहमीचा आणि लहान असे दोन पट्टे, दंड मोजायची टेप, एक घडीची खुर्ची आणि सेलचे दोन जोड असतात. पूर्ण संच देणं जमत नसेल तर नुसते सेल द्या, ते लवकर संपतात. पावसाळ्यात मशिनमध्ये सेल राहिले की ते पाझरतात आणि आतला पत्रा गंजतो, म्हणून मशीन ठेवताना ते काढून ठेवावे लागतात. मशिनं वर्षातून एकदा तपासून घ्यावी लागतात, तो खर्चही देणगीत धरला आहे.

रोख देणगी फक्त मंडळाच्या शिक्क्याच्या पावतीवर द्या. पावती नसेल तर आमचा माणूस समजू नका. वस्तू तालुक्याच्या गावी आमच्या कार्यकर्त्यांकडे घटस्थापनेपर्यंत पोहोचाव्यात. उशीर झालाच तर ठेवून द्या, होळीच्या फेरीला घेऊन जाऊ. तेव्हा परतलेल्या प्रत्येकाचं बीपी पुन्हा मोजायचं आहे.