मला करोना झाला नव्हता

संपादक महाशय,
सप्रेम नमस्कार.

महासाथीच्या आठवणी निघाल्या की ‘तुम्हाला झाला होता का?’ हा प्रश्न ठरलेला. मी ‘नाही’ म्हणते आणि विषय तिथेच संपतो. चार वेळा चाचणी केली, चारही वेळा निगेटिव्ह. पण ते दीड वर्ष मी धड झोपले नाही.

सकाळी डोळे उघडले की आधी साबण हुंगायचा, वास येतोय ना म्हणून. दिवसातून दहादा ऑक्सिमीटर. ९८ दिसलं की जीव भांड्यात, ९६ दिसलं की दुसरं बोट. रात्री तीनला उठून आईच्या खोलीच्या दाराशी उभं राहायचं आणि तिचा श्वास ऐकायचा. हात धुऊन धुऊन पेरांना भेगा पडल्या, तेव्हा डॉक्टरांनी मलम दिलं. ताप, खोकला, दम, सगळं विचारलं, झोपेचं नाही. त्यांना दोष देत नाही, त्यांचेच डोळे तारवटलेले होते.

मी तरी कुठे सांगितलं? एका मित्राला वडिलांचं शेवटचं दर्शनही मिळालं नव्हतं. त्याच्यापुढे ‘मला झोप येत नाही’ हे कोणत्या तोंडाने सांगणार? पुढे कधीतरी तोच म्हणाला, ‘ज्यांच्या घरातली दोन-दोन माणसं गेली, त्यांच्यापुढे माझं काय!’ म्हणजे ज्याने त्याने आपल्याहून दुःखी माणूस हेरून ठेवला होता आणि त्याच्या आडोशाला गप्प बसला होता.

साथीच्या पहिल्या वर्षात चिंताविकार आणि नैराश्याचं प्रमाण जगभरात २५ टक्क्यांनी वाढलं, असं जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये सांगितलं. झळ जास्त बसली ती तरुणांना आणि स्त्रियांना. त्याच संघटनेने २०२० मध्ये १३० देशांची पाहणी केली होती. त्यातल्या ९३ टक्के देशांत मानसिक आरोग्याच्या सेवा विस्कळीत किंवा बंद होत्या. ज्याला बोलायचं होतं त्यालाही दार बंदच मिळालं असणार. (‘सामाजिक अंतर’ नको, ‘शारीरिक अंतर’ म्हणा, असं याच संघटनेने सुरुवातीलाच सुचवलं होतं. आपल्या तोंडी पहिलाच शब्द राहिला, आणि आपण तो पाळलाही!)

तेव्हा वर्तमानपत्रांत रोज तीन आकडे असत: बाधित, बरे झालेले, मृत. मी एकातही नव्हते. त्या काळाबद्दल पुन्हा लिहाल तेव्हा न मोजलेल्यांनाही विचारा, आणि ‘झाला होता का?’ याऐवजी ‘झोप लागायची का?’ असं विचारा. उत्तरं लांबलचक येतील, जागा ठेवा.

भेगा पंधरा दिवसांत भरल्या. झोपेसाठी डॉक्टर गाठला तो थेट २०२२ साली. तोही घरी दाताचं दुखणं सांगून.

आपली,
एक वाचक