सार्डिनियाची वाळू तिथेच राहू द्यावी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पर्यटन पुरवणीतला सार्डिनियावरचा लेख आवडला. मात्र तिथे जाणाऱ्याला सगळ्यात आधी जो नियम ठाऊक हवा, तोच त्यात आलेला नाही. इटलीच्या या बेटावरून वाळू, गोटे किंवा शिंपले उचलून नेण्यास मनाई असून, २०१७ च्या प्रादेशिक कायद्यानुसार त्यासाठी ५०० ते ३,००० युरो दंड होतो. किमान दंडच पंचेचाळीस हजार रुपयांच्या वर जातो.

आम्ही एका सहल कंपनीबरोबर तिथे गेलो होतो. इस अरूतास किनाऱ्यावरची वाळू म्हणजे गारगोटीचे पांढरे, गुलाबी, हिरवट दाणे, थेट तांदळाच्या कण्यांसारखे. आमच्यातल्या एका आजींनी नातवासाठी पाण्याची अर्धा लिटरची बाटली त्या दाण्यांनी भरून घेतली. परतताना विमानतळावरच्या तपासणीत ती सापडली. वाळू काढून घेतली गेली आणि दंड टळला, पण चारचौघांत बॅग उपसली जात असताना त्या माउलीचे हात थरथरत होते. नर्मदेतला गोटा आणून देवघरात ठेवणाऱ्या आपल्या माणसांना यात काही वावगे आहे हे सुचणार तरी कसे? कंपनीच्या सूचनापत्रकात लोणच्याच्या बरणीपासून छत्रीपर्यंत सारे होते, हे नव्हते.

तिथल्या लोकांची बाजूही समजून घ्यायला हवी. सूक्ष्म सागरी जीवांच्या कवचांच्या चुऱ्यामुळे गुलाबी दिसणारा बुदेल्ली बेटावरचा किनारा पर्यटकांनी मूठमूठ वाळू नेऊन इतका ओरबाडला, की १९९४ पासून तिथे पाऊल ठेवण्यासच बंदी आहे. २०१९ मध्ये एका फ्रेंच जोडप्याच्या गाडीत १४ बाटल्यांमध्ये भरलेली सुमारे ४० किलो वाळू सापडली, तेव्हा त्यांनीही आठवण म्हणून नेत असल्याचेच सांगितले होते. स्तिंतीनोच्या ला पेलोसा किनाऱ्यावर तर ओल्या टॉवेलला चिकटून वाळू जाऊ नये म्हणून टॉवेलखाली चटई अंथरावी लागते. हंगामात रोज १,५०० जणांनाच, तेही आधी नोंदणी आणि शुल्क भरून, तिथे प्रवेश मिळतो.

तेव्हा परदेशातील स्थळांवरच्या लेखांसोबत तिथले नियम आणि दंड यांची छोटी चौकट आपण छापावी, आणि सहल कंपन्यांनी ही माहिती निघण्यापूर्वीच्या बैठकीत मराठीतून, ज्येष्ठांना नीट समजेल अशा शब्दांत द्यावी, अशी कळकळीची विनंती आहे.

आपला नियमित वाचक,
डोंबिवली (पूर्व)