पंधराशेची घोषणा आणि सतरा-सीचा कागद

मा. जिल्हाधिकारी तथा जिल्हा निवडणूक अधिकारी, नाशिक, यांस,

सप्रेम नमस्कार.

२०२४च्या विधानसभेत मी ज्यांना मत दिलं, ते सत्तेत आले. त्यामुळे निकालानंतरची आंदोलनं माझ्या मताच्या विरोधातलीच होती. त्यातल्या एकाने मला दुखावलं, तर त्याच हरलेल्या बाजूच्या एका पोराने मला वळवलं. पुढच्या निवडणुकीआधी हे तुमच्या कानावर घालायचं आहे.

पंचवटीत माझं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. २३ नोव्हेंबरच्या निकालानंतर तीन-चार दिवसांनी समोरून मोर्चा गेला. 'ईव्हीएम हटाव'पर्यंत ठीक होतं. मग एकाने माईक घेतला, "पंधराशे रुपयांत मत विकणाऱ्यांनो..." दुकानात काम करणाऱ्या मावशी तेव्हा वह्यांचा गठ्ठा सोडत होत्या. मतदानाला त्या दुखरे गुडघे घेऊन दीड तास रांगेत उभ्या राहिल्या होत्या. नखावरची शाई अजून गेली नव्हती. लाडक्या बहिणीचा हप्ता त्यांना मिळतो, पण मत का दिलं हे त्यांना कुणी विचारलं होतं? सुतळी हातातच राहिली. "आम्ही काय इकले गेलो का, भाऊ?" एवढंच म्हणाल्या. ईव्हीएमचा विषय निघाला की तेव्हापासून त्या उठून आत जातात.

त्याच आठवड्यात हरलेल्या बाजूचा पोलिंग एजंट, आमच्याच गल्लीतला पोरगा, दुकानात आला. त्याच्याकडे नमुना १७-सी होता. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष एजंटला देतात तो, किती मतं पडली त्याच्या हिशेबाचा कागद. "काका, आपल्या बूथची मतमोजणी याच्याशी जुळते का, बसून बघू." बसलो. आकडा जुळला. त्याने लपवलं नाही, "आपला बूथ बरोबर आहे" म्हणाला, आणि पुढच्या बूथचा कागद मिळवायला निघाला. सगळ्या बूथचे आकडे लोकांसमोर मांडा, या त्याच्या अर्जावर मी त्याच दिवशी सही केली. त्याचं भांडण मोजणीशी होतं, माझ्याशी नव्हतं.

समोरच्याला न दुखावता भांडणं आपल्या नाशिकला नवीन नाही. ६ मार्च २०१८ला सीबीएस चौकातून शेतकऱ्यांचा लाँग मार्च निघाला. दहावीच्या पोरांची परीक्षा चुकू नये म्हणून मुंबईतलं शेवटचं अंतर ते रातोरात चालले. ज्यांनी लाल झेंड्याला कधी मत दिलं नसेल, त्यांनीही पाणी दिलं, चपला दिल्या. पण चांगलं वागलं की समोरचा वळतोच, असंही मी म्हणणार नाही. माझ्या दुकानापासून जवळच काळाराम मंदिर आहे. २ मार्च १९३०ला तिथे बाबासाहेबांचा सत्याग्रह सुरू झाला, वर्षानुवर्षं चालला, आणि दार बंदच राहिलं. दार उघडणं ज्यांच्या हातात होतं, दोष त्यांचा होता.

निवडणुकीच्या बाबतीत ते दार तुमच्या हातात आहे, साहेब. सोलापूर जिल्ह्यातल्या मारकडवाडीत ईव्हीएमच्या मोजणीवर संशय होता म्हणून ३ डिसेंबर २०२४ला गावकऱ्यांनी कागदी मतपत्रिकेवर चाचणी मतदान ठरवलं होतं. जमावबंदी लागली आणि ते बारगळलं. मतदान घेण्याचा अधिकार आयोगाचा, हे मान्य. पण बंदोबस्ताने संशय मिटत नाही. निकालाला आव्हान देणाऱ्या निवडणूक याचिकेला पंचेचाळीस दिवसांची मुदत असते आणि त्यासाठी उच्च न्यायालय गाठावं लागतं. ते या पोराच्या आवाक्यातलं नाही.

म्हणून मागणी एवढीच. निकालानंतर आठवडाभरात प्रत्येक बूथचा १७-सीचा आकडा आणि मोजलेली मतं शेजारी-शेजारी, मराठीत, त्याच शाळेच्या फलकावर लावा. मोर्चा तुमच्या दारी आला तर निवेदन नुसतं घेऊ नका. कागद घेऊन एक अधिकारी खाली पाठवा, त्याला फाटकावरच उत्तरं देऊ द्या. आणि पुढच्या वेळी मोर्चा निघण्याआधी आयोजकांना समोर बसवून मावशींचा प्रश्न जरूर सांगा.

आपला,
पंचवटीतला एक मतदार