वडगावच्या एका विणकराचं पत्र, फिजिओथेरपीच्या मॅडमना

मॅडम,
सप्रेम नमस्कार.

तुमचे आभार तोंडी मानायला दोनदा आलो होतो. दोन्ही वेळा बाकावर माणसं दाटीनं बसलेली, आणि तुम्ही एकीचा हात हातात घेऊन "श्वास पोटात घ्या, पोटात" म्हणत होता. मधेच बोलणं बरं दिसेना. म्हणून लिहितोय. उघडं लिहितोय कारण आमच्या बेळगावातल्या वडगाव, शहापूर, खासबागेत हात किंवा पाय सुजून घरात बसलेल्या बायका मला आता दिसायला लागल्यात. आधीही असतील, माझं लक्ष नव्हतं. तुम्ही काय केलंत ते त्यांच्या घरच्यांनी वाचावं, आणि शक्यतो नवऱ्यांनी वाचावं.

हिच्या डाव्या बाजूच्या स्तनाचं ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठी काढल्या, नंतर शेक, म्हणजे रेडिएशन, दिला. कर्करोग आटोक्यात आला म्हणून आम्ही यल्लम्माला जाऊन आलो. त्यानंतर वर्ष-दीड वर्षानं हात भरायला, म्हणजे सुजायला लागला. लिम्फेडेमा म्हणतात याला. आधी बांगड्या चढेनात, मग ब्लाउजची बाही उसवावी लागली. असं होऊ शकतं हे ऑपरेशन जिथं झालं तिथं कुणी आम्हाला सांगितलेलं नव्हतं. उपचार झालेल्या साधारण पाचांतल्या एका बाईला हे होतं असं पुढं तुमच्याकडून कळलं, तेव्हा मला राग आला. इतक्या जणींना होतं तर घरी सोडताना एक वाक्य बोलायला काय हरकत होती?

मधल्या काळात सल्ल्यांना तोटा नव्हता. कुणी म्हणे गरम तेलानं रगडून काढा. एका दवाखान्यात लघवी जास्त होण्याच्या गोळ्या दिल्या. त्यानं ती रात्रभर उठत राहिली आणि हात होता तसाच. गल्लीत कुणीतरी "हत्तीरोग" म्हणालं आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दोन घरांतून बोलावणं आलं नाही.

तुमच्याकडं पहिल्यांदा आलो तेव्हा मी रीतीप्रमाणं पडद्याबाहेर उभा राहिलो. बायकांच्या आजारात पुरुषानं दाराबाहेर थांबायचं, औषधाची चिठ्ठी घ्यायची, पैसे भरायचे, एवढंच आपल्याकडं शिकवलेलं. तुम्ही पडदा सरकवून म्हणालात, "काका, बाहेर का थांबलाय? आत या, घरी हे तुम्हालाच करायचंय." ही लाजली, मी तिच्यापेक्षा जास्त लाजलो. पण आत आलो.

तुम्ही लगेच हाताला हात लावला नाहीत. आधी विचारलंत, मावशी दिवसभर काय करता? ती म्हणाली, काही नाही, घरीच असते. तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मग मी सांगितलं की पहाटे पाणी भरते, स्वयंपाक, धुणं, आणि माग सुरू झाले की कांडी मशीनवर सुताच्या कांड्या भरते, तुटलेले धागे जोडते, संध्याकाळपर्यंत. तुम्ही ते सगळं कागदावर लिहून घेतलंत. आजार विचारणारे पुष्कळ भेटले होते. काम विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या.

मग माप. मनगटापासून वर चार-चार सेंटीमीटरवर पेनानं खुणा केल्या, दोन्ही हातांचे घेर टेपनं मोजले आणि समोरासमोर लिहिले. बोटाच्या मुळाशी कातडी चिमटीत धरून बघितली. अंगठ्यानं दाबून ठेवलंत आणि खड्डा पडतो का, किती वेळ राहतो, ते पाहिलंत. आणि मग कागदाच्या पाठीमागं चित्र काढून आम्हाला समजावलंत. रक्तातून झिरपलेलं पाणी आणि प्रथिनं परत गोळा करणाऱ्या बारीक नळ्या अंगभर असतात, दिवसाला दोन-तीन लिटर पाणी त्यांतून परत फिरतं. रक्ताला हृदयाचा पंप आहे, या नळ्यांना तसा पंप नाही. त्या स्वतः थोड्या आकसतात, बाकी स्नायू हलले, श्वास आत-बाहेर झाला की ते पाणी पुढं सरकतं. काखेतल्या गाठी काढल्या आणि शेकानं उरलेल्या नळ्या आखडल्या, म्हणून हाताचं पाणी तुंबतं. गोळ्यांनी पाणी तेवढं जातं, प्रथिनं मागं राहतात आणि पुन्हा पाणी ओढून घेतात. तेव्हा मला त्या रात्रभर उठण्याचा अर्थ लागला.

मी विचारलं, बरा होईल का? तुम्ही म्हणालात, "नाही काका. पूर्ण जाणार नाही. पण कमी होईल, आणि सांभाळला तर कमीच राहील." मॅडम, त्या "नाही"बद्दल मी तुमचा सगळ्यात जास्त ऋणी आहे. तोपर्यंत जो भेटला त्यानं खात्री दिली होती, आणि प्रत्येक खात्रीचे पैसे वेगळे. "जाणार नाही" म्हटल्यावर आम्ही शोधाशोध थांबवली आणि कामाला लागलो.

मालिश बघून मी चकित झालो. सूज हातात, आणि तुम्ही सुरुवात केली मानेपासून! गळ्याच्या हाडाच्या वर, मग उजवी काख, मग डाव्या बाजूनं जांघेकडं. हाताची पाळी शेवटी, आणि त्यातही आधी दंड, मग कोपर, मग पंजा. तुम्ही म्हणालात, हे पाणी शेवटी गळ्याजवळच्या शिरेत जाऊन पडतं, आधी पुढची वाट मोकळी केली नाही तर मागचं कुठं जाईल? आणि हात इतका हलका की मला वाटलं हे नुसतं गोंजारणं आहे. तेल नाही, दाब नाही, कातडी जरा ताणायची आणि सोडायची. जोर लावला तर कातडीखालच्या त्या नळ्याच दबतात, म्हणून आमच्याकडची रगडायची मालिश इथं कामाची नाही. ही पद्धत डेन्मार्कच्या व्होडर नवरा-बायकोनं बसवली, 1936 साली पॅरिसमध्ये लोकांसमोर मांडली, असं तुम्ही सांगितलंत. "नवरा-बायकोनं" या शब्दावर तुम्ही मुद्दाम जोर दिला होतात हे माझ्या लक्षात आलं होतं बरं का.

पण माझं खरं शिक्षण झालं ते पट्ट्यांवर. आधी सुती मोजा, मग बोटांना एकेक करून बारीक पट्टी, मग कापसाची गादी, आणि त्यावर त्या कमी ताणल्या जाणाऱ्या पट्ट्या. आमच्या घरी मेडिकलमधली नेहमीची क्रेप बँडेज होती, ती दाखवल्यावर तुम्ही नको म्हणालात. ती रबरासारखी ताणते. हात स्वस्थ असताना आवळत राहते, आणि स्नायू फुगला की सैल पडते. तुमची पट्टी उलटी. झोपेत ती गप्प बसते, आणि हात हलवला की स्नायूला आतून टेकायला भिंत मिळते, त्यानं पाणी वर ढकललं जातं. म्हणून पट्टी बांधून हात गळ्यात अडकवून बसायचं नाही, काम करायचं, असं तुम्ही पुन्हा पुन्हा सांगायचात.

पहिल्या वेळी मी बांधलं तेव्हा तुम्ही सोडून परत बांधायला लावलंत. वर दंडाला जास्त आवळलं गेलं होतं. मग तुम्ही सांगितलंत, काका, ओढ सगळीकडं एकसारखी ठेवा. मनगट बारीक, दंड जाड, त्यामुळं तेवढ्याच ओढीनं खाली दाब जास्त पडतो आणि वर कमी. खाली पदर जरा जवळजवळ घ्या, झालं. हे ऐकलं आणि माझी भीती गेली. मॅडम, माझा जन्म मागावर गेला. ताण्याचे हजारो उभे धागे एका ओढीत नसले तर कापडाला पट्टे पडतात, हे डोळे मिटून बोटांना कळतं. बँडेज हा फक्त रुंद धागा निघाला. त्यानंतर मला सोडून परत बांधायला लागलं नाही असं नाही, पण का सोडलं ते मला कळायचं. बांधून झालं की नखं दाबून बघायची, पांढरी झालेली लगेच गुलाबी होतात का. मुंग्या आल्या, बोटं निळसर झाली की वाट न बघता सोडायचं. हे तुम्ही तिच्याकडून पाठ करून घेतलंत, माझ्याकडून नाही. ते बरोबरच होतं, बोटं तिची आहेत.

पहिले काही आठवडे रात्रंदिवस पट्टी. उन्हाळ्याचे दिवस होते. खाज, घाम, चिडचिड, सगळं झालं. पट्ट्या धुऊन गच्चीवर वाळत घातल्या की शेजारी विचारत, आणि ही पहिल्यांदा कंटाळून आणि मग सवयीनं सांगत राहिली. हत्तीरोग डासांमुळं पसरतो आणि तिकडं कलबुर्गी, बिदरकडं त्याचे रुग्ण जास्त आढळतात, हा तो नाही, आणि तो असला तरी हळदीकुंकवानं लागत नाही, हेही तीच सांगते. मोठ्या हौसेनं सांगते.

कांड्यांचा प्रश्न राहिला होता. घरचे सगळे म्हणत होते, त्या हातानं आता काही उचलू नको. तुम्ही मात्र मला मशीनवर काम करतानाचा तिचा व्हिडिओ काढून आणायला सांगितलात, आणि तो दोनदा बघितलात. मशीनची उंची कमी करा, तास झाला की उठून हात वर करून मुठी उघड-मीट करा, जड कांड्यांची पेटी मी उचलायची, बाकी काम चालू. वजनं उचलायचा व्यायामही तुम्ही दिलात, पाण्याच्या अर्ध्या भरलेल्या बाटलीपासून, हळूहळू वाढवत, स्लीव्ह, म्हणजे हाताला घट्ट बसणारी दाबाची बाही, घालून. मला शंका आली तेव्हा सांगितलंत की अमेरिकेत 141 बायकांवर वर्षभर अभ्यास झाला, 2009 साली छापून आला, वजनं हळूहळू वाढवत उचलणाऱ्यांचा हात जास्त सुजला नाही, उलट त्रास उसळण्याचं प्रमाण कमी राहिलं. हिला आकड्यांशी देणंघेणं नव्हतं. मागाचं काम सोडायला लागणार नाही एवढंच तिनं ऐकलं, आणि त्या दिवशी बसमध्ये ती खिडकीजवळ बसून तिकीटवाल्याशी सुद्धा गप्पा मारत आली.

गणपतीतली ती दुपार तुम्हाला आठवत असेल. मोदकाचं खोबरं किसताना विळीवर बोट कापलं होतं, साधंच. दुसऱ्या दिवशी हुडहुडी भरून ताप, हात लाल आणि गरम. सणाचं घर, पाहुणे, सगळे म्हणत होते उद्या बघू. तुमच्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं, लाली, गरमपणा, ताप असेल तर पट्टी नाही, मालिश नाही, त्याच दिवशी डॉक्टर. अशा हातात जंतूंना आवरणारी फळी कमजोर असते. तरी खात्री करायला मी फोन केला, तुम्ही सुट्टीवर होता, तरी उचललात आणि दोनच वाक्यं बोललात. संध्याकाळपर्यंत अँटिबायोटिक सुरू झालं. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात. तेव्हापासून विळीवर आमच्या घरात खोबरं मी किसतो. वाईट किसतो, पण किसतो.

तो कागद अजून देवळीत आहे. हॉस्पिटलचे छापील कागद कन्नड आणि इंग्रजीत. तुम्ही गोकाककडच्या, घरी कन्नड बोलणाऱ्या, आणि हिला वाचता यावं म्हणून सगळं स्वतःच्या हातानं मराठीत लिहून दिलंत. एक-दोन वेलांट्या चुकल्यात. आमच्या सीमाभागात पाट्यांवरून काय काय चालतं ते तुम्हाला मी सांगायला नको. तुमच्या वेलांट्यांना माझ्या घरात कुणी बोट लावणार नाही.

आता दिवसा स्लीव्ह, रात्री पट्टी, झोपण्याआधी मालिश. मी रोज बांधतो. कधी भांडण झालेलं असतं, तरी बांधतो, फक्त तेव्हा ती दुसरीकडं बघत बसते. दोन्ही हातांतला फरक पूर्ण गेलेला नाही, पण बाही उसवावी लागत नाही आणि हिरव्या बांगड्या चढतात, एक नंबर मोठ्या.

तुम्ही मागं म्हणाला होता की पट्टी बांधायला शिकवताना नवीन लोकांचा वेळ जातो, आणि नवरे आत यायला तयार नसतात. गुरुवारी आमचे माग बंद असतात. तुमची आणि तुमच्या वरच्यांची हरकत नसेल तर मी दर गुरुवारी सकाळी येऊन बसेन. मालिश तुम्हीच शिकवा, मापंही तुम्हीच घ्या. मी फक्त बाहेर उभ्या असलेल्या पुरुषांना आत घेऊन येईन आणि ओढ एकसारखी कशी ठेवायची ते दाखवीन.

हिचा नमस्कार. तुमच्यासाठी घरच्या मागावरची साडी ठेवली आहे. घेणार नाही असं म्हणू नका, रंग तिनं निवडला आहे.

आपला,
वडगावचा एक विणकर

ता.क. स्लीव्ह घेऊन सहा महिने होत आले, मनगटाशी सैल वाटते. नव्या मापासाठी कधी आणू ते कळवा. गुरुवार चालला तर दोन्ही कामं होतील.