फॉर्म भरून झालाय

ती. आई आणि ती. बाबा यांना
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर मी "अजून काही ठरवलं नाहीये" म्हणाले ना, ते खोटं होतं. फॉर्म त्याच्या आधीच्या सोमवारी भरला होता. मार्गदर्शक बाईंची सही झाली होती, पोचही हातात आली होती. बाबा, तुम्ही डोळ्यांत थेंब घालून नुकतेच आडवे झाला होतात, आई म्हणाली हळू बोल, आणि मला तेवढं निमित्त पुरलं. शिवाय फोनवर सांगितलं की तुम्ही "बरं" म्हणता आणि फोन आईकडे देता. तुमचं ते "बरं" मला झेपत नाही. दादाच्या वेळचं अजून कानात आहे.

तर मी आणखी एक वर्ष इथेच राहणार आहे. चित्रपट अभ्यासात ऑनर्स करणार आहे. तीन वर्षांचे 120 श्रेयांक (क्रेडिट्स) पुरे झाले, पदवी घेऊन निघता आलं असतं, आणि तुम्ही तसंच धरून चालला होतात हे मला माहीत आहे. ऑनर्सला 160 लागतात. उरलेल्यात काही विषय आहेत, पण मोठा वाटा प्रबंधाचा. त्याला जोडून एक छोटी फिल्म करायची, आणि शेवटी परीक्षकांसमोर बसून दोन्हींबद्दल उत्तरं द्यायची. वर्गातल्या सगळ्यांना घेत नाहीत. गुण लागतात, आणि तुमचा विषय घ्यायला एक तरी प्राध्यापक तयार लागतात. बाई पहिल्याच भेटीत हो म्हणाल्या. (हे वाक्य बाबांसाठी. आई, तू काकूला सांगितलंस तरी चालेल.)

पोटापाण्याचं काय, हे बाबा विचारणार. खोटं आश्वासन देत नाही. वर्ष संपलं की नोकरी हातात येईल असं काही नाही. पण संकलन येतं, ध्वनीचं काम येऊ लागलंय, सबटायटल्स करते, आणि पुढे शिकवायचं ठरलं तर हा प्रबंध कामी येईल. फीचं मी बघितलंय. संध्याकाळी ग्रंथालयात काम मिळालंय, बसून करायचं आहे. त्या पिवळ्या पाकिटाला हात लावायचा नाही. ते तुमच्या दोघांचं आहे, आणि हा विषय इथेच संपला.

आता प्रबंधाचा विषय. हे सांगायला मी दोन पानं वाया घालवली, पहिलं फाडलं.

आई, तुझं मशीन.

हसू नकोस. फ्रान्समध्ये ल्युमिएर बंधू होते. 28 डिसेंबर 1895ला पॅरिसमध्ये त्यांनी तिकीट लावून लोकांना हलती चित्रं दाखवली. त्याच्या आधी त्यांची अडचण एकच होती. फिल्म सारखी सरकत राहिली तर पडद्यावर नुसता फराटा दिसतो. ती क्षणभर थांबायला हवी, प्रकाश आरपार जायला हवा, आणि मग अंधारात पुढे सरकायला हवी. त्यांच्यातल्या लुईला हे कशावरून सुचलं? शिवणयंत्रावरून! सुई कापडात असताना कापड थांबतं, सुई वर गेली की खालचे दात त्याला एक टाका पुढे ढकलतात. वर्गात हे सांगितलं तेव्हा बाकीचे लिहून घेत होते आणि मी तुझ्या पायट्याजवळ जमिनीवर बसले होते. चार-पाच वर्षांची असेन. दुपारी तू शिवायचीस आणि मी खालून ते चाक बघत झोपून जायचे. सुईखाली बोट घालू नको म्हणून तू दर दहा मिनिटांनी ओरडायचीस, झोपेतसुद्धा ऐकू यायचं.

पुढचं त्याहून मजेचं आहे. सुरुवातीच्या काळात हॉलीवूडमध्ये फिल्म कापणं-जोडणं हे काम बऱ्याच बायका करायच्या. ते शिवणकामासारखंच समजलं जायचं, बारीक, चिकाटीचं, आणि नाव न लागणारं. रशियात झिगा व्हेर्तोव्हच्या 1929च्या चित्रपटात त्याची बायको येलिझावेता स्विलोवा टेबलाशी बसून फिल्मचे तुकडे लावताना दिसते. आपण बघतोय तोच चित्रपट जोडताना ती आपल्याला दिसते, आणि तरी बहुतेकांना नाव त्याचंच आठवतं. आणि बाबा, तुम्हाला फाळके माहीत आहेत. पण त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई? कच्च्या फिल्मला कडेची छिद्रं नसायची, ती अंधारात बसून पाडावी लागायची. ते त्यांनी केलं, रसायनं कालवली, वर सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही सांभाळला. 35 मिलिमीटरच्या फिल्मला एका चौकटीमागे दोन्ही कडांना चार-चार छिद्रं असतात. एका सेकंदाच्या बोलपटाला चोवीस चौकटी. मूकपटाला कमी पुरायच्या, तरी हिशेब करून बघा.

म्हणून माझा प्रबंध संकलनातल्या बायकांवर आहे. आई, तू कच्चा टाका घालून कपडा अंगाला लावून बघायचीस, मग उसवून पुन्हा घालायचीस. आम्ही त्याला रफ कट म्हणतो. मला तो पहिल्याच महिन्यात जमला तेव्हा सर म्हणाले आधी कुठे शिकलीस? मी म्हटलं, घरी.

बाबा, तुम्हाला विषयातून वगळलंय असं वाटू देऊ नका. कुलेशोव्ह नावाच्या एका रशियन दिग्दर्शकाचा प्रयोग आहे. एका नटाचा तोच निर्विकार चेहरा त्याने सूपच्या वाटीशेजारी लावला, मग शवपेटीशेजारी, मग एका बाईशेजारी. बघणाऱ्यांना तो आधी भुकेला वाटला, मग दुःखी, मग आसक्त. चेहरा बदललाच नव्हता. मला लगेच तुम्ही आठवलात. माझा दहावीचा निकाल लागला तेव्हाचा तुमचा चेहरा आणि आजी गेली त्या पहाटेचा, दोन्ही मला सारखेच आठवतात. काय चाललंय ते शेजारच्या गोष्टीवरून ओळखावं लागतं. निकालाच्या दिवशी तुम्ही माझी चप्पल पुसून ठेवली होतीत. मी पाहिलं होतं, कधी बोलले नाही.

आता काळजी करू नका त्या गोष्टी. खोली बदललीय, नवीन खोलीला पूर्वेकडे खिडकी आहे आणि पंखा आवाज करत नाही. गादी मी ऊन दाखवून घेतली. जेवण वेळेवर असतं, दोन्ही वेळचं, आणि मी टाकत नाही. रात्री संकलनाच्या खोलीत उशीर झाला तर आम्ही तिघी एकत्रच परत येतो. पाठीला उशी लावून बसते. सर्दी गेली. वजनाबद्दल विचारू नका.

आणि आता मी सांगते ते ऐका. बाबा, थेंबांची वेळ चुकवायची नाही, दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन "बघू" म्हणून पुढे ढकलायचं नाही. फाळक्यांनी चित्रपट बघून बघून डोळ्यांवर इतका ताण घेतला होता की काही काळ त्यांना दिसेनासं झालं होतं. तुम्ही तर नुसत्या बातम्या बघता, त्यासाठी डोळे घालवू नका. तारीख घ्या, मी त्या आठवड्यात येते, बाईंना आधीच सांगून ठेवलंय. आई, स्टुलावर चढायचं नाही. वरच्या फळीवरचं काही लागलं तर ते नाही लागत असं समज. गुडघ्याचा व्यायाम दोन्ही वेळा कर, एकदा करून दोनदा केला असं सांगू नकोस, बाबा मला खरं सांगतात. रात्री पॅसेजमधला दिवा चालू ठेवा. बिलाचं मी बघते.

सुट्टीत पूर्ण महिना येता येणार नाही. हे मी मुद्दाम इतक्या खाली लिहिलंय. दहा दिवस येईन, ऑपरेशनचे दिवस वेगळे. रागावलात तर रागावा, पण फोन उचला.

एक मागणी आहे. गुडघ्यामुळे आता मशीन कुणाला तरी देऊन टाकू असं तू मागे म्हणालीस. देऊ नकोस. दहा दिवसांत मला तुझे हात त्या मशीनवर टिपायचे आहेत, फिल्मसाठी. पाय मी चालवीन, खाली बसून. साडी कुठली नेसू असं विचारू नकोस, हातच दिसणार आहेत. फक्त बांगड्यांचा आवाज ध्वनीत येईल, त्या मात्र काढू नकोस. बाबांना म्हणावं मशीनला तेल घालून ठेवा, पण जास्त नको, मागच्या वेळी सगळ्या कापडाला डाग पडले होते.

तुमची धाकटी